थंडरबर्डमधली पत्तावही आणि फोनमधले काँटॅक्ट: दोन्ही एक कसे करायचे?

जुना_चिटणीस (धागाकर्ता), शनिवार सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. जाणकारांनी प्रकाश टाकावा म्हणून धागा काढतोय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमच्या गावात एक लहानसं वाचनालय आहे, मी त्याचा चिटणीस. वाचनालयाच्या संगणकावर २००९ पासून थंडरबर्ड (ईमेलचा प्रोग्रॅम) आहे आणि त्याच्या ॲड्रेस बुकात सभासदांचे पत्ते. नोंदी ३४१. हे पत्ते वर्षातून दोनदा लागतात, वार्षिक सभेच्या नोटिशीला आणि दिवाळी अंक पाठवताना. तेव्हा लेबलं छापायची आणि पाकिटांवर चिकटवायची. बाकी वर्षभर लोकांचे फोन येतात, "काका, घर बदललं हो." मी बाजारात असेन, एस्टीत असेन, तिथल्या तिथे फोनमध्ये लिहून ठेवतो. म्हणजे गूगलच्या काँटॅक्टमध्ये. त्यामुळे आता वाचनालयात एक पत्ता आणि खिशात दुसरा. गेल्या दिवाळीत एकवीस पाकिटं परत आली. त्यातल्या सोळा जणांचा नवा पत्ता माझ्या खिशातच होता!

पूर्वी भाच्याने थंडरबर्डात एक ॲड-ऑन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकून दिलं होतं, ते दोन्हीकडचं जुळवून घ्यायचं. मग एक दिवस बंद पडलं ते पडलंच. रोज लाल अक्षरांत काहीतरी रडगाणं. शेवटी काढून टाकलं.

विचारायचं ते असं. आता ॲड-ऑनशिवाय हे होतं का? आणि होत असेल तर पोस्टाचा अख्खा पत्ता इकडून तिकडे जातो, की नुसतं नाव, नंबर आणि ईमेल? मला ईमेलशी फार कर्तव्य नाही, निम्म्या सभासदांना ईमेलच नाही.

---

कळफलक, ९.४२

होतं. ॲड-ऑन लागत नाही. थंडरबर्डच्या ९१ व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२१ पासून, कार्डडॅव्हची सोय आतच आहे. कार्डडॅव्ह म्हणजे सर्व्हरवरची पत्तावही वाचायची-लिहायची ठरलेली पद्धत. गूगल ती पाळतं, ॲपलचं आयक्लाउडही पाळतं.

तुमचं ॲड-ऑन का मेलं तेही सांगतो. त्या काळातली बरीचशी ॲड-ऑन गूगलच्या जुन्या काँटॅक्ट्स एपीआयवर, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमांना वहीपर्यंत पोचू देणाऱ्या दरवाजावर, चालायची. गूगलने तो दरवाजा जानेवारी २०२२ मध्ये कायमचा बंद केला आणि सगळ्यांना पीपल एपीआयकडे वळायला सांगितलं. ज्यांच्या ॲड-ऑनला वाली उरला नव्हता, ते तिथेच राहिले. भाच्याची काही चूक नाही.

आवृत्ती कुठली आहे? हेल्प मेनूत ‘अबाउट थंडरबर्ड’ बघा.

---

जुना_चिटणीस, १०.०५

७८.१४ दिसतंय. म्हणजे थोडक्यात हुकलं म्हणायचं.

---

चहाबाज, १०.०७

काका, ७८ वरून ९१ ला जायला तुम्ही एवढी वर्षं घेतलीत, तेवढ्यात गावचा रस्ता दोनदा झाला असेल. :)

---

जुना_चिटणीस, १०.११

रस्ता एकदाच झालाय. तोही अर्धा.

---

कळफलक, १०.५०

बरं, क्रमाने जाऊ. पण आधी एक्स्पोर्ट, मग बाकीचं. पत्तावही उघडा, टूल्समधून एक्स्पोर्ट करा आणि दोन फायली काढा, एक व्हीकार्ड आणि एक एलडीआयएफ (दोन्ही पत्ते साठवायचे फाइलप्रकार). दोन्ही पेन ड्राइव्हवर. शक्य असेल तर अख्खं प्रोफाइल फोल्डरच (थंडरबर्ड तुमचा सगळा डेटा ठेवतो ते) उचलून ठेवा. हेल्पमधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’च्या पानावर त्याचा पत्ता मिळतो. तुमची सगळी वही त्यात ‘ए-बुक’ नावाच्या एसक्यूलाइट फायलीत असते. हे झाल्याशिवाय अपडेटचं बटण दाबू नका.

अपडेटनंतर पत्तावहीत ‘न्यू’ खाली ‘ॲड कार्डडॅव्ह ॲड्रेस बुक’ मिळेल. तिथे जीमेलचा पत्ता टाकायचा, सर्व्हर तो आपणच शोधतो. मग गूगलची लॉगिनची खिडकी येते. ती कोरीच राहिली किंवा पुढे सरकत नसेल तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते बघा. निम्म्या लोकांचं घोडं तिथेच अडतं. लॉगिन झालं की सापडलेली वही दिसेल, तिच्यापुढे खूण करायची. डाव्या बाजूला नवीन वही आली की राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये तिचं नाव लगेच बदला. ‘फोनची वही’ ठेवा, काहीही ठेवा, पण जुनी ‘पर्सनल ॲड्रेस बुक’ आणि ही यांत गोंधळ होता कामा नये.

आणि त्याच प्रॉपर्टीजच्या खिडकीत ‘रीड-ओन्ली’ आहे. पहिला आठवडा त्यावर खूण करून ठेवा. म्हणजे फोनमधलं इकडे दिसेल, पण इकडच्या हातून तिकडे काही बिघडणार नाही.

---

अडगळ, ११.२०

कळफलक यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. नाही, +१००.

मी ती खूण केली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मीही अशीच वही जोडली, नऊशेच्या आसपास नोंदी धपाधप उतरल्या. त्यात गॅसवाला, जुने घरमालक, ‘रिक्षा शिर्डी’, ‘प्लंबर नवीन’, ‘प्लंबर नवीन २’. म्हटलं संगणकावर ही घाण कशाला? निवडून निवडून अडीचशे उडवले. चहा करून आलो, फोन हातात घेतला, तर प्लंबर फोनमधूनही गेलेला. दोन्ही प्लंबर.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी समजत होतो की फोनमधल्या वहीची एक प्रत संगणकावर आलीय. प्रत नव्हती ती. वही एकच, ती सर्व्हरवर, आणि फोन आणि संगणक या तिच्या दोन खिडक्या. कुठल्याही खिडकीतून हात घालून पान फाडलं तर पान फाटलंच.

वाचलो ते एवढ्यामुळे की गूगल काँटॅक्ट्सच्या वेबसाइटवर सेटिंगमध्ये ‘अनडू चेंजेस’ आहे. दहा मिनिटांपूर्वीची, तासापूर्वीची, कालची, जास्तीत जास्त ३० दिवसांपूर्वीची वही परत आणता येते. मी एक तास मागे गेलो. फक्त काय उडालंय ते जाणवेपर्यंत कधीकधी महिना निघून जातो, हे लक्षात असू द्या.

---

जुना_चिटणीस, ११.३८

बाप रे. रीड-ओन्ली लिहून घेतलं, लाल शाईने.

पण माझा मुख्य प्रश्न राहिलाच. पत्ता जातो का? मी एक नमुना देतो (नाव-पत्ता बदलून): श्री. अमुक तमुक, मारुती मंदिरासमोर, मु. पो. भिलार, ता. महाबळेश्वर, जि. सातारा, आणि पिन. थंडरबर्डात ‘स्ट्रीट’, ‘सिटी’, ‘स्टेट’ असले रकाने आहेत. भिलारला स्ट्रीट कुठली आणणार? इतकी वर्षं मी मनाला येईल तसं भरत आलोय. काहींचा तालुका ‘सिटी’त आहे, काहींचा जिल्हा ‘स्टेट’मध्ये.

---

कळफलक, १२.३०

या प्रश्नाची वाटच बघत होतो.

दोन्हीकडून जे जातं-येतं ते व्हीकार्डच्या रूपात. व्हीकार्ड हा प्रकार नव्वदच्या दशकातला, त्याची आत्ताची चौथी आवृत्ती ऑगस्ट २०११ ची, गूगलचं कार्डडॅव्ह मात्र अजून तिसरी बोलतं. त्यात पत्त्याला सात खण असतात, ठरलेल्या क्रमाने, मध्ये अर्धविराम. पोस्ट बॉक्स, वाढीव पत्ता, रस्ता, गाव, राज्य किंवा प्रांत, पिन, देश. बस. तालुक्याला खण नाही, जिल्ह्यालाही नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांना मु. पो. माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आता लोक काय करतात, की तालुका ‘वाढीव पत्ता’ या दुसऱ्या खणात टाकतात. गूगलच्या फॉर्मात ‘स्ट्रीट ॲड्रेस लाइन २’ असते ना, तोच तो. मोह होतो, पण टाळा. चौथ्या आवृत्तीच्या मसुद्यातच लिहिलंय की पहिले दोन खण रिकामे ठेवावेत, कारण वेगवेगळे प्रोग्रॅम त्यांचा वेगवेगळा अर्थ लावतात. कुणी दाखवतो, कुणी दाखवत नाही, कुणी रस्त्याला जोडतो. थंडरबर्डच्या फॉर्मात तर पाचच रकाने आहेत, रस्त्यापासून देशापर्यंत.

मी असं करतो. ‘स्ट्रीट’चा रकाना अनेक ओळींचा असतो, एंटर चालतो. तिथे दोन ओळी: ‘मारुती मंदिरासमोर’, खाली ‘ता. महाबळेश्वर, जि. सातारा’. ‘सिटी’त ‘मु. पो. भिलार’. ‘स्टेट’मध्ये महाराष्ट्र, जिल्हा नाही. पिन पिनच्या जागी. लेबलावर तालुका गावाच्या आधी छापला जातो आणि डोळ्यांना खटकतं हे मान्य. पण सगळ्या नोंदींत एकसारखं असलं की लेबलाच्या साच्यात क्रम फिरवून घेता येतो. मनाला येईल तसं भरलं असेल तर कुठलाच साचा चालत नाही.

---

चहाबाज, १२.३३

सात खण आणि त्यात तालुका नाही. आमच्या तहसीलदारांना कळलं तर व्हीकार्डला नोटीस जाईल. खिक्क.

---

टपालहंशील, दुपारी १.१५

तीस वर्षं टपालखात्यात काढली म्हणून बोलतो. तालुका गावानंतर आला काय किंवा आधी आला काय, पोस्टमनचं काही अडत नाही. अडतं ते पिनकोडवाचून.

पिन आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो आलाच मुळी एकाच नावाच्या गावांमुळे आणि नाना लिप्यांमुळे. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोवा ४ मध्ये. पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाची थैली कुठे जायची ते ठरतं, शेवटचे तीन वाटपाच्या कार्यालयाचे. त्यामुळे छाननीच्या टेबलावर माणूस आधी सहा आकडे बघतो, मग बाकीचं वाचतो.

पण म्हणून तालुका गाळू नका. एका पिनखाली अनेक खेडी असतात, शाखा डाकघरांना वेगळा पिन नसतो. आणि पिनचा एक आकडा चुकला की मग सगळी भिस्त तालुक्यावरच. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव किती आहेत मोजून बघा. आमच्याकडे चुकलेल्या पिनची पाकिटं यायची, वर नुसतं ‘वडगाव, महाराष्ट्र’. ती फिरत राहायची बिचारी.

अवांतर: ‘मारुती मंदिरासमोर’ हे फार कामाचं असतं. घरक्रमांकापेक्षा जास्त. ते काढू नका.

---

गोदाकाठ, २.४०

काका ३४१ नोंदी एक-एक करून दुरुस्त करणार नाहीत, सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) काढून एक्सेलमध्ये उघडणार. उघडणार ना? मग हे वाचा, रोज यात मरते मी.

सीएसव्ही डबल-क्लिक करून उघडलं की ९१ ने सुरू होणारा बारा आकडी मोबाइल नंबर ९.१९ई+११ असा दिसायला लागतो. लँडलाइनचा सुरुवातीचा शून्य गायब होतो. तसंच सेव्ह केलं तर नंबर गेले, परत मिळत नाहीत. आणि देवनागरी नावांच्या जागी एकतर प्रश्नचिन्हांची रांग किंवा ‘à¤’ सारखी भुतं. म्हणून फाइल उघडायची नाही, एक्सेलच्या डेटा टॅबमधून आत आणायची, यूटीएफ-८ (देवनागरी नीट वाचणारी अक्षरपद्धत) निवडायचं आणि फोनचे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून सांगायचे. लिब्रेऑफिस असेल तर अजून बरं, ते उघडतानाच हे सगळं विचारतं.

दुसरं, नावांबद्दल. तुम्ही ‘श्री.’ आणि ‘सौ.’ नावाच्याच रकान्यात लिहिलंय का? लिहिलं असेल तर यादी अकारविल्हे लावल्यावर अर्धं गाव ‘श्र’ खाली येईल. नावाच्या आधीच्या उपाधीला व्हीकार्डमध्ये वेगळा खण आहे, तालुक्यासारखं नाही. नव्या थंडरबर्डात ‘प्रीफिक्स’ म्हणून मिळतो.

---

जुना_चिटणीस, ३.०२

लिहिलंय. ३४१ पैकी तीनशेच्या आसपास ‘श्र’ खालीच आहेत. मला वाटायचं आमच्याकडे श्रीकांत-श्रीधर फार आहेत.

---

राइनतीर, ४.२५

जर्मनीतून. इथे उलटा प्रकार, घराचा क्रमांक रस्त्याच्या नावानंतर येतो आणि पिन गावाच्या आधी. पण त्यांचे खण बरोबर भरतात, रडायला जागा नाही.

ज्यांना गूगल नको असेल त्यांच्यासाठी: नेक्स्टक्लाउड किंवा रॅडिकेल हे प्रोग्रॅम स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतात, दोन्ही कार्डडॅव्ह बोलतात. रॅडिकेल तर रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावरही चालतं. मग अँड्रॉइड फोनला जोडण्यासाठी डॅव्हएक्स-फाइव्ह हे ॲप लागतं, कारण अँड्रॉइडला स्वतःहून कार्डडॅव्ह येत नाही. आयफोनला येतं. आयक्लाउडची वही थंडरबर्डला जोडताना नेहमीचा पासवर्ड चालत नाही, ॲपलच्या खात्यातून त्या ॲपपुरता वेगळा पासवर्ड काढावा लागतो. इथे लोक अर्धा दिवस घालवतात.

मायक्रोसॉफ्टचं आउटलुक डॉट कॉम कार्डडॅव्ह बोलतच नाही. त्यांच्याशी वही जोडायची तर ॲड-ऑनच शोधावं लागेल, आणि ते आपल्या आवृत्तीला चालतं का ते आधी बघावं लागेल. नाहीतर भाच्याचा लाल अक्षरांचा खेळ पुन्हा सुरू.

---

नियमवाला, सायंकाळी ५.१०

कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. वाचनालयाच्या ३४१ सभासदांचे घरचे पत्ते चिटणीसांच्या खासगी जीमेलमध्ये का जाताहेत? उद्या चिटणीस बदलले तर वही द्यायची कशी? वाचनालयाच्या नावाने वेगळं खातं काढा, फोनमध्ये दुसरं खातं म्हणून जोडा. गॅसवाला तुमच्या खात्यात, सभासद वाचनालयाच्या. २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही संमत झालाय; लहान संस्थेला तो किती लागू हा वेगळा विषय, पण लोकांनी पत्ता अंक पाठवायला दिलाय हे विसरू नये.

---

जुना_चिटणीस, ५.३०

हे पटलं. आणि त्याने अडगळ यांचा प्लंबरही वाचतो.

आज रात्री वेगळं खातं काढतो. एक शंका, उगाच चाचणी म्हणून माझं खातं जोडायला गेलो तर गूगल विचारतंय की थंडरबर्डला तुमचे काँटॅक्ट बघायची, बदलायची, उतरवून घ्यायची आणि "कायमचे डिलीट करायची" परवानगी देऊ का. हात थरथरला, बंद केलं.

---

कळफलक, ५.४४

द्या. परवानगीचे शब्द सगळ्यांना तेच असतात. लिहायची मुभा हवी तर पुसायचीही त्यातच येते, वेगळी मिळत नाही. नको झालं की गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावरून काढूनही घेता येते.

फोनवर एक बघा: नवीन नोंद करताना वर कुठे सेव्ह करायचं ते विचारतो. ‘फोन’ किंवा ‘सिम’ असेल तर ती नोंद जन्मात सिंक होणार नाही. सिमवर तर पत्ता मावतच नाही, नाव आणि नंबर एवढंच. नेहमीसाठी वाचनालयाचं खातं निवडून ठेवा.

आणि सुधारलेले पत्ते वर चढवताना थंडरबर्डातून ओढून टाकू नका, ओढल्यावर नोंद जुन्या वहीतून निघून जाते. गूगल काँटॅक्ट्सच्या वेबसाइटवर फाइल इम्पोर्ट करा. तो सगळ्या नोंदींना त्या दिवसाच्या तारखेचं लेबल लावतो. काही चुकलं तर ते लेबल निवडून सगळं एकगठ्ठा उडवता येतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

---

अडगळ, ५.५०

आणि थंडरबर्डमध्ये तुमच्या मेलिंग लिस्ट असतील, ‘कार्यकारिणी’ वगैरे, तर त्या या वहीत येणार नाहीत. गूगलची लेबलं इकडे लिस्ट होत नाहीत, इकडच्या लिस्ट तिकडे लेबल होत नाहीत. त्या जुन्या वहीतच राहू द्या.

---

जुना_चिटणीस, पुढचा रविवार, रात्री ८.१५

मंडळी, झालं! आठवडा गेला पण झालं.

पत्ते गोदाकाठ ताईंच्या सांगण्याप्रमाणे लिब्रेऑफिसमध्ये सुधारले. तालुका-जिल्हा स्ट्रीटच्या दुसऱ्या ओळीत, मु. पो. सिटीत, पिन प्रत्येकाचा तपासला. टपालहंशील साहेब, ४४ पिन चुकीचे होते. त्यातले काही मीच लिहिलेले, अक्षर ओळखलं. वाचनालयाच्या खात्यात चढवलं, तारखेचं लेबल लागलं, थंडरबर्डला जोडलं, रीड-ओन्लीची खूण केली. मग मोबाइलमध्ये एका सभासदाच्या पत्त्यात मुद्दाम ‘चाचणी’ असा शब्द घातला आणि संगणकावर वहीवर राइट-क्लिक करून ‘सिंक्रोनाइझ’ म्हटलं. आला! बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "यासाठी आठ दिवस जेवायला उशिरा येत होतास?" आज खूण काढली. आता इकडून लिहिलेलंही तिकडे जातंय.

एक राहून गेलं सांगायचं. नोंदी ३४१ च्या ३२९ झाल्या. सात जणांच्या नावापुढे ‘कै.’ लावायची वेळ येऊन गेली होती आणि मी लावलं नव्हतं, त्यांच्या घरी दर दिवाळीला त्यांच्याच नावाने अंक जात होता. घरच्यांना फोन केले. चौघांच्या घरून सांगितलं, अंक चालू ठेवा, नाव तेवढं बदला. ती चार नावं बदलली, बाकीचे तिघे काढले. उरलेल्या नऊ दुबार नोंदी होत्या. त्यातल्या दोन माझ्याच, म्हणजे वहीत मी तीनदा होतो.

---

गोदाकाठ, ८.२१

अभिनंदन काका! वाखुसा (वाचनखूण साठवली), आमच्या सोसायटीला हेच करायचंय.

---

पायरीवरचा, ८.४०

इतके दिवस वाचनमात्र होतो. काका, वर्णनावरून मी तुमच्याच वाचनालयाचा सभासद आहे असं वाटतंय. गेल्या दिवाळीतलं परत आलेलं एक पाकीट माझं असणार. घर बदललंय, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

---

जुना_चिटणीस, ८.४४

करा. पिनसकट.